नाशिकचा गोदाघाट आणि जुनं नाशिक बघायचंय? मग एक अख्खा दिवस काढा आणि पायी फिरा

माझं माहेर जुन्या नाशकातलं, तिवंधा चौकाच्या जवळ. लग्नानंतर पुण्यात आले पण वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतंच आणि दर वेळी ओळखीतलं कोणीतरी विचारतं की आम्ही शिर्डीहून येताना नाशिक करणार आहोत, पंचवटीत काय काय बघायचं. मग ती मंडळी रिक्षा करतात, रिक्षावाला दीड-दोन तासांत रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं सगळं फिरवून परत स्टँडवर सोडतो, आणि घरी गेल्यावर त्यांना आठवतं ते फक्त गर्दी आणि चपला कुठे काढल्या ते. मला खरंच वाईट वाटतं. ज्या घाटावर मी लहानाची मोठी झाले तो असा उरकण्यासारखा नाहीये. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक शब्द लक्षात ठेवा. नाशकात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. "गंगेवर चाललोय", "गंगेला पूर आलाय", "गंगेवरचा बाजार". तुम्ही पण गंगेवर कसं जायचं असं विचारा, लोक लगेच आपलेपणाने सांगतात, कधी कधी सोबत चालत येऊन गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतात.

आता रचना समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. नदी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून साधारण ३० किलोमीटर पूर्वेकडे वाहत येते आणि रामकुंडापाशी एकदम दक्षिणेला वळते. हे दक्षिणवाहिनी होणं धार्मिक दृष्टीने फार महत्त्वाचं मानलं जातं, अस्थिविसर्जनासाठी लोक इथेच येतात त्याचं हे एक कारण. वळणामुळे नदीच्या पूर्वेला पंचवटी आणि पश्चिमेला जुनं नाशिक, ज्याला आम्ही गावठाण म्हणतो, अशा दोन बाजू झाल्या. बहुतेक पाहुणे फक्त पंचवटीची बाजू बघतात आणि परत जातात. पलीकडचे वाडे, भांडी बाजार, सराफ बाजार, बोळ हे सगळं राहूनच जातं. माझं म्हणणं असं की सकाळ पंचवटीला द्या, दुपारी पूल ओलांडून गावात या आणि संध्याकाळी परत पाण्याजवळ बसा.

कधी यायचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, सकाळी कडाक्याची थंडी असते, शाल-स्वेटर आणाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं पण मिळतात. एप्रिल-मेमध्ये घाटाचा दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही, तेव्हा आलात तर ११ च्या आत देवळं आटपा. पावसाळ्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय प्लॅन करू नका.

रेल्वेने आलात तर स्टेशन नाशिकरोडला आहे, पंचवटीपासून ९-१० किलोमीटर. बाहेरून सिटीलिंकची बस मिळते, निमाणीला जाणारी धरा, निमाणी म्हणजे पंचवटीतला बस स्टँड, तिथून रामकुंड चालत. शेअर रिक्षाने आलात तर शालिमारला उतरवतात, तिथून गावातून चालत घाटावर यायला पंधरा-वीस मिनिटं. स्वतःची गाडी असेल तर कृपा करून ती गल्ल्यांमध्ये घालू नका. गूगल मॅप काळारामपर्यंत रस्ता दाखवतं पण तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला दुकानं, मधे गाय, समोरून टेम्पो. गाडी लांब पार्किंगला लावा आणि विसरून जा. पायात सहज काढता-घालता येतील अशा चपला हव्यात, दिवसभरात दहा वेळा काढाव्या लागतात.

सुरुवात रामकुंडावरून करा आणि सकाळी सहा-साडेसहाला करा. उशिरा गेलात की बसेस येतात आणि मग काही दिसत नाही. पहाटे पाण्यावर वाफ असते, कोणी स्नान करतंय, कोणी काठावर बसून संध्या करतंय, हार-फुलांची दुकानं नुकती उघडतायत, कपालेश्वराच्या पायऱ्या कोणी धूत असतं. या कुंडाचं बांधकाम १६९६ चं, चित्रराव खटावकरांनी बांधलं असं सांगतात, नंतर माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाईंनी त्यात भर घातली. एकट्या रामकुंडावर नजर थांबवू नका. पात्रात लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड अशी कितीतरी कुंडं ओळीने होती. मधल्या काळात पात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि त्यातली बरीच त्याखाली गेली, नदीचे जिवंत झरे बुजले म्हणून नाशिककर कित्येक वर्षं ते काँक्रीट काढा म्हणून भांडतायत. आमच्या आजीच्या तोंडी या कुंडांची नावं एका दमात असायची. मला त्यातली निम्मीच दाखवता येतात, माझ्या मुलीला तर फक्त रामकुंड माहितीये. म्हणून म्हणते, तुम्ही निदान नावं विचारत फिरा, विचारणारं कोणी असलं की सांगणारे पण टिकतात.

एक कळकळीची विनंती. रामकुंडावर रोज कोणाच्या ना कोणाच्या घरचं दुःख आलेलं असतं. मुंडण केलेला मुलगा हातात कलश घेऊन उभा असतो, पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली असतात. तिथे मोबाईल काढून रील्स करू नका. फोटो हवा असेल तर होळकर पुलावरून घ्या, पूर्ण वळण, घाट, देवळांचे कळस सगळं एका फ्रेममध्ये येतं आणि कोणाला त्रास होत नाही. फुलं, निर्माल्य पाण्यात टाकू नका, काठावर निर्माल्य कलश ठेवलेले असतात त्यात टाका. प्लास्टिकची पिशवी तर नदीत नकोच नको.

तुम्ही स्वतः विधीसाठी येणार असाल तर थोडं सविस्तर सांगते, कारण इथे लोक गोंधळतात. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात, त्यात पिढ्यान्‌पिढ्या नाशिकला येऊन गेलेल्यांची नावं लिहिलेली असतात. कोणत्या भागाचे, कोणत्या तालुक्याचे यजमान कोणाकडे हे ठरलेलं असतं. त्यामुळे स्टँडवर कोणी हात धरून "चला माझ्याबरोबर" म्हटलं तर लगेच जाऊ नका, घाटावर शांतपणे विचारा की अमुक तालुक्यातल्या अमुक आडनावाचे उपाध्ये कोण. मूळ गावाचं नाव, तालुका, आडनाव आणि तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या. गाव सोडून तीन पिढ्या झाल्या असतील तर घरातल्या मोठ्यांना आधीच विचारून ठेवा, कारण वही मूळ गावावरून निघते, तुमच्या आजच्या पत्त्यावरून निघत नाही. दक्षिणा आणि सामानाचं आधीच स्पष्ट बोलून घ्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगले गुरुजी स्वतःच आधी सांगतात.

सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही आलो होतो तेव्हाची गोष्ट. माझं सासर बारामतीकडचं. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि घरातून लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही आणली, कागद पिवळा पडलेला, कडा झिजून मऊ झालेल्या. बोट फिरवत फिरवत पानं उलटली आणि एका पानावर थांबले. अक्षर मोडीतलं, आम्हाला कोणालाच वाचता येईना, मग त्यांनीच वाचून दाखवलं, आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांचं नाव, त्यांच्या भावांची नावं, आईच्या अस्थी घेऊन आलो असं, आणि खाली आजोबांची सही. आबांनी त्या सहीवर नुसतं बोट ठेवलं. बराच वेळ उचललंच नाही. आजोबा ज्या कामासाठी आले होते त्याच कामासाठी नातू त्याच घाटावर बसला होता. मग आबांनी पेन मागून घेतलं आणि नातवंडांची नावं लिहिली, माझ्या मुलीचं सुद्धा, आणि खाली सही केली. म्हणून सांगते, विधी नसला तरी वेळ काढून आपल्या घराण्याची वही बघून या. आपली मुलं-नातवंडं पुढे कधी आली तर त्यांना आपली सही सापडेल.

रामकुंडासमोर पायऱ्या चढून वर गेलं की कपालेश्वर. या महादेवापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा रस्ता शंकराला नंदीने दाखवला, इथे रामकुंडात स्नान करायला सांगितलं, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. मुलांना आधी सांगू नका, आत गेल्यावर "इथे काय नाहीये सांगा" असं विचारा, ते बरोबर ओळखतात. श्रावणी सोमवारी इथे प्रचंड रांग असते.

तिथून सीतागुंफेकडे चालत पाच-सात मिनिटं. जवळच ती वडाची पाच झाडं आहेत ज्यांच्यावरून पंचवटी नाव पडलं, झाडांना नंबर टाकलेत त्यामुळे शोधायला सोपं जातं. गुंफेत वाट अगदी अरुंद आहे, वाकून, काही ठिकाणी बसत बसत पुढे सरकावं लागतं. गुडघ्याचा त्रास असेल, बंद जागेत घाबरायला होत असेल तर आत शिरू नका, अर्ध्यातून मागे फिरता येत नाही कारण पाठीमागे रांग असते. माझ्या मते रांग मोठी असेल तर गुंफा सोडून द्या आणि तो वेळ काळारामाला द्या.

काळाराम मंदिर मात्र नीट बघा. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटाकडे बांधलं, १२ वर्षं काम चाललं आणि त्या काळी २३ लाख रुपये खर्च झाला अशी नोंद आहे. दगड रामशेजचा, तोच रामशेज ज्याने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद दिली नाही. काळ्या दगडाचं भलंमोठं आवार, चारी बाजूंनी दरवाजे. आत शिरल्यावर लगेच दर्शनाच्या रांगेत घुसू नका, आधी बाहेरच्या ओवऱ्यांमधून एक फेरी मारा, सकाळच्या उन्हात दगडाचा रंग काळा-निळा दिसतो आणि कळसाची सावली फरशीवर सरकत असते.

आणि मग पूर्वेच्या महाद्वारापाशी थोडा वेळ थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि हजारो माणसं, त्यात बाया पण होत्या. चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले आणि दरवाजे बंद ठेवले गेले. त्या वर्षीच्या रामनवमी उत्सवातल्या रथाला सगळ्यांनी हात लावायचा असं ठरलं होतं, ते पाळलं गेलं नाही, उलट सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे पाच वर्षं हा लढा चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. रिक्षावाले, गाइड यातलं काही सांगत नाहीत, रामाच्या वनवासाच्या कथेनंतर थेट प्रसादाच्या दुकानावर येतात. तुमच्याबरोबर मुलं असतील तर हे तुम्हीच सांगा, त्याच दारात उभं राहून सांगा. दार तेच आहे, पायऱ्या त्याच आहेत.

इथपर्यंत नऊ-साडेनऊ होतात आणि भूक लागते. पंचवटी कारंजाकडे चाला आणि मिसळ खा. नाशिकची मिसळ पुण्यासारखी गोडसर नसते, रस्सा काळ्या मसाल्याचा असतो, वर मोड आलेली मटकी, शेव, सोबत पापड, दही. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा आणि हळूहळू ओतून घ्या. एकाच दुकानाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये, प्रत्येक नाशिककराचं आपलं ठरलेलं दुकान असतं आणि त्यावरून घरात वाद होतात. जिथे सकाळी कामावर जाणारी माणसं उभ्याने खातायत तिथे बिनधास्त बसा.

खाऊन झालं की परत नदीकडे उतरा आणि नारोशंकराचं देऊळ बघा. हे खरं रामेश्वराचं मंदिर, १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं, पण नाव पडलं बांधणाऱ्याचंच. बाहेरच्या भिंतीवर आणि शिखरावर इतकं कोरीव काम आहे की बघत बसावं, हत्ती, माकडं, साधू, वेलबुट्ट्या. आणि समोरच्या कमानीत ती प्रसिद्ध घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या त्यातली ही एक. घंटेवर १७२१ साल आहे. खाली उभं राहून वर बघा, तिचा आकार आपल्या देवळातल्या घंटेसारखा नाही हे लगेच कळतं.

या घंटेचं आणि नदीचं नातं वेगळंच आहे. पूर्वी पुराचं पाणी घंटेपर्यंत पोचलं म्हणजे गावावर मोठं संकट असं समजायचे. दुसरी खूण म्हणजे दुतोंड्या मारुती. पात्रातच उभा असलेला हा शेंदरी मारुती, दोन्ही बाजूंना तोंड असलेला, नाशिककरांची पूर मोजायची पट्टी आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेकने विसर्ग चालू आहे हे बातम्यांत सांगतात पण आमच्या बाबांना त्याचा उपयोग नसतो, ते फोनवर सांगतात "मारुतीच्या गुडघ्याला लागलं", तासाभराने "कमरेला आलं", आणि "छातीला लागलं" म्हणाले की मला इथे पुण्यात झोप येत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं होतं. तुम्ही उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात गेलात तर मारुतीच्या पायाशी उभे राहा, त्याच्या डोक्याकडे बघा, मग मान वळवून काठावरच्या दुकानांकडे बघा आणि एवढ्या उंचीवर पाणी आलं तर ते कुठपर्यंत जाईल याचा अंदाज घ्या. या घाटाला इतक्या पायऱ्या का, जुन्या वाड्यांची जोती एवढी उंच का, हे तिथे उभं राहिल्यावर आपोआप समजतं.

म्हणूनच पावसाळ्याचं सांगते. जुलै ते सप्टेंबर आलात तर आदल्या दिवशी बातम्यांत धरणाचा विसर्ग बघा. विसर्ग वाढवणार असतील तर घाटावर उतरू नका, पोलिसांनी दोऱ्या लावल्या असतील तर त्या ओलांडू नका. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं, धडधाकट माणसं तिथे घसरून पडलेली मी पाहिलीयेत. एरवीसुद्धा गांधी तलावात किंवा कुंडांमध्ये पोहायला उतरू नका, खोलीचा अंदाज येत नाही. बाय द वे, गांधी तलाव नाव का, तर गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये रामकुंडात विसर्जित झाल्या आणि त्यांचं स्मारक तिथे जवळच आहे.

आता पूल ओलांडून गावात या. कुठला पूल चालू, कुठला बंद हे त्या वेळी तिथे विचारा, कामं चालू असतात. पलीकडे चढ लागतो, नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात ते पायांना लगेच पटतं. मुघलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, पेशव्यांनी १७५१ मध्ये परत नाशिक केलं. आज जे घाट, देवळं, वाडे दिसतात ते बहुतेक त्यानंतरच्या ५०-६० वर्षांतले. पण गाव त्याहून कितीतरी जुनं आहे. नदीकाठच्या मातीच्या गढीत १९५०-५१ ला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं होतं, दोन हजार वर्षांच्याही आधीच्या वस्तीच्या खुणा तिथे मिळाल्या. गढी आता पावसात ढासळते, वर घरं आहेत, त्यामुळे चढायला जाऊ नका, खालूनच बघा.

भांडी बाजारात मात्र वेळ घालवा, हा माझा सगळ्यात लाडका भाग. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत, तांबट आळीत अजून हातोडीचा आवाज ऐकू येतो, सुरुवातीला कान बधिर होतात मग त्यात एक ठेका आहे हे जाणवतं. भांडं घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ते मठारलेलं आहे का, म्हणजे हातोडीने ठोकून ठोकून पृष्ठभागावर बारीक गोल चकाकते ठसे आलेले असतात. हे ठसे अगदी एकसारखे, ओळीत असतील तर मशीनचं, हाताचे थोडे पुढेमागे होतातच. बोटाने हळूच फिरवून बघा, लगेच कळतं. दुसरं म्हणजे वजन. भाव वजनावर असतो, वर मजुरी वेगळी, त्यामुळे आधी किलोचा भाव विचारा, मग काट्यावर ठेवायला सांगा. पातळ पत्र्याचं भांडं स्वस्त पडतं पण एकदा पडलं की पोचा येतो. स्वयंपाकाला पितळेचं घेणार असाल तर कल्हई करूनच घ्या. माझ्याकडे आईने दिलेला तांब्या आहे, इथलाच, तीस वर्षं रोज चिंचेने घासते, अजून बुडाला धक्का नाही.

सराफ बाजारात पेशव्यांचा सरकारवाडा आहे, दगडी पायऱ्या आणि लाकडी खांब बघण्यासारखे, चालू-बंदची वेळ तिथेच विचारून घ्या. तिळभांडेश्वर गल्लीत जा, सावरकर बंधूंच्या मित्रमेळा आणि अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनांचं काम या गल्लीतून चालायचं. याच गावातल्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हे सगळं एकमेकांपासून दहा मिनिटांच्या अंतरात आहे. गल्ल्या अरुंद, वाडे बरेचसे पडायला आलेले, काहींना टेकू लावलेत. पावसाळ्यात त्यांच्या भिंतींना चिकटून चालू नका. आणि कोणाच्या वाड्याचं दार उघडं दिसलं म्हणून सरळ आत शिरू नका, तिथे लोक राहतात. ओट्यावर बसलेल्या आजींना "आत चौक बघू का" असं विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट आळी या चौकांतून चालताना तुमच्या पायाखाली काय आहे ते सांगते. रस्त्याखाली पेशवेकाळातल्या रहाडी आहेत, रहाड म्हणजे दगडी बांधकामाचा मोठा हौद. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा करतात, पाण्यात रंग कालवतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग दिवसभर पोरं काठावरून धप्पा मारतात, म्हणजे अशी उडी की काठावरची गर्दी सगळी भिजली पाहिजे. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी. रहाड बघायची असेल तर दुपारी बाराच्या सुमारास या, जुने कपडे घाला, मोबाईल प्लास्टिकमध्ये ठेवा, आणि पोहता येत नसेल, दम्याचा त्रास असेल तर काठावरच थांबा.

दुसरा मोठा दिवस म्हणजे चैत्रातली कामदा एकादशी, रामनवमीनंतर दोन दिवसांनी. संध्याकाळी रामरथ आणि गरुडरथ निघतात. गरुडरथ नदी ओलांडून गावात येतो पण रामरथ पंचवटीतच राहतो, नदी ओलांडत नाही. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून पूर्ण वाट उलटे चालतात, हे जवळून बघायचं असेल तर गल्लीत धक्काबुक्की न करता नदीकाठच्या पायऱ्यांवर आधीच जागा धरून बसा. लहान मुलांना घेऊन गर्दीत घुसू नका.

आणि सिंहस्थ. पुढचा कुंभमेळा आलाच, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पर्वणीला स्नानासाठी यायचं असेल तर जरूर या, पण घाट बघायचा म्हणून त्या दिवसांत येऊ नका, मैलभर लांबून चालत आणतात आणि एका जागी उभं राहू देत नाहीत. आत्ताही त्याच तयारीची कामं चालू आहेत, रस्ते खोदलेले सापडतील, त्यासाठी हातात अर्धा तास जास्तीचा ठेवा.

दुपारी दोन-तीन तास मात्र आराम करा, गावातल्या साध्या खानावळीत जेवा, मग चार-साडेचारला परत बाहेर पडा. जाताना मेन रोडवर साबुदाणा वडा किंवा पाववडा खा, घरी न्यायला चिवडा घ्या. बुधवार असेल तर नशीब समजा, बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो, आजूबाजूच्या खेड्यांतून बायका भाजी, वाळवणं, मसाले, गावठी लसूण घेऊन बसतात, पात्राच्या कडेने लांबवर पालं लागतात. माझी आई अजून वर्षाची मिरची तिथेच घेते. सुटे पैसे न्या आणि कापडी पिशवी न्या.

संध्याकाळी नाशिकच्या बाजूने काठाकाठाने चाला. होळकर पुलाजवळ सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ चं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं, २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर येतात असं बांधलंय. याच काठावर कपूरथळ्याच्या राजाचं स्मारक आहे, इंग्लंडला जाताना १८७० मध्ये वाटेतच वारलेल्या राजा रणधीरसिंगांचं. कुठलं पंजाबातलं संस्थान आणि कुठे ही गंगा. पुढे यशवंतराव महाराज पटांगण लागतं. यशवंतराव महाराज म्हणजे देव मामलेदार, सटाण्याचे मामलेदार असताना दुष्काळात ज्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला ते. मे महिन्यात याच पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, लहानपणी आम्ही बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ती ऐकलीये, निम्मी झोपेत.

संध्याकाळी घाटावर गंगेची आरती होते, तिच्या अर्धा तास आधी पायऱ्यांवर बसायला जागा बघा, अगदी पुढे पाण्याच्या कडेला जायची गरज नाही, चार पायऱ्या वर बसलं की समोरचा पंचवटीचा सगळा काठ दिसतो. दिवा सोडायचा असेल तर पानांच्या द्रोणातला घ्या, थर्माकोलचा अजिबात घेऊ नका, दुकानदाराकडे दोन्ही असतात, मागितलं की पानांचा देतो. आरती संपली की एकदम सगळे उठतात आणि गाडगे महाराज पुलाकडे गर्दी होते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं तसेच बसून राहा. पुलावरची गर्दी ओसरली की निमाणीला जाऊन नाशिकरोडची बस पकडा, जास्त उशीर झाला असेल तर गावातून शालिमारला या, तिथून शेअर रिक्षा मिळते.